पत्र आणि पत



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक संयोजकांनी मला दिली होती. मराठीचा प्राध्यापक म्हटला की तो संतवाङ्मयावर बोलणार, नाहीतर कवितेवर, अशी साहजिकच आपली अपेक्षा असणार. मी विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी पुन्हा एकदा ‘नक्की हाच ना?’ असे विचारून घेतले. नक्की हाच. आज मी कामकाजाच्या पत्राविषयी बोलणार आहे, आणि त्यातही ज्याला आपण सारे ई-मेल म्हणतो त्या पत्राविषयी.

अन्नपूर्णा भागातल्या या शाळेतून शिकून गेलेली मुले आज पुण्या-मुंबईत आहेत, बंगळुरास आहेत, साता समुद्रापलीकडेही आहेत. जिथे ती नोकरी मागतात, माल विकतात, थकलेली रक्कम मागतात किंवा झालेल्या विलंबाचा खुलासा करतात, तिथे त्यांचा चेहरा आधी पोहोचत नाही. आधी पोहोचते ते त्यांचे पत्र. व्यवस्थापनशास्त्राची मंडळी या प्रथमदर्शनास ‘प्रोफेशनल इमेज’ म्हणतात आणि त्यावर शिबिरे घेतात. मराठीत यासाठी एक फार जुना आणि फार कडक शब्द आहे : पत. ‘पत्र’ आणि ‘पत’ या दोन शब्दांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर समोर बसलेले माझे जुने सहकारी मला सोडणार नाहीत. परंतु व्यवहारात या दोहोंचा संबंध किती घट्ट आहे, हे पाहण्यासाठी इंदूरकराला फार लांब जावे लागत नाही. सराफ्यापर्यंत गेले तरी पुरते.

आज सराफा म्हटले की रात्रीची खाऊगल्ली डोळ्यांपुढे येते. पण ज्या काळात माळव्याच्या अफूचा आणि कापसाचा पैसा या पेठेतून फिरत होता, त्या काळात तिथे चालत असे ती हुंडी. हुंडी म्हणजे तरी काय? एका व्यापाऱ्याने दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला लिहिलेले पत्र. अमक्याला इतके रुपये द्यावेत, एवढाच त्याचा मजकूर. पण त्या चार ओळींवर रोख रक्कम मिळत असे. कागद साधा, शाई साधी. किंमत होती ती लिहिणाऱ्याच्या पतीची. तीत रक्कम कशी लिहीत ते पाहा. रुपये पाचशे, त्याचे निमे अडीचशे, त्याची दुप्पट, अशी. आकड्यापुढे कोणी एक शून्य वाढविले तर निमे जुळू नये, म्हणून ही योजना. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत ‘पेठ’ म्हणून निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. ‘शाहजोग’ नावाची एक हुंडी असे. तिची रक्कम ज्याची पेठेत ओळख आहे अशा प्रतिष्ठित सावकारासच मिळे. हा शब्द मला फार आवडतो. कागद हाती असणे पुरेसे नाही, कागद आणणाऱ्या माणसाची पतही हवी, असा तो व्यवहार होता.

या हुंडीत गोड शब्द किती असत? नावापुरते. व्यवस्थापनाच्या शिबिरांत हसतमुख पत्र कसे लिहावे हे शिकवितात, आत्मविश्वास कसा दाखवावा हे शिकवितात. हुंडी लिहिणारा यातले काही दाखवीत नसे. वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावे लागू नये आणि मधल्या कोणास फसविता येऊ नये, एवढीच त्याची काळजी. आणि याच काळजीतून त्याची पत वाढत असे. आज मला जे सांगायचे आहे, ते मुळात एवढेच आहे.

आता सराफ्याकडून राजवाड्याकडे वळू. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. त्यापूर्वी अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले. त्या दरबारातून पुण्यास गेलेली पत्रे ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ म्हणून द. ब. पारसनीसांनी छापली, पुढे वा. वा. ठाकुरांनी होळकरशाहीच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली. इतिहासकार ही पत्रे लढाया आणि तह यांच्यासाठी वाचतात. भाषेच्या माणसाने ती कामकाजाची पत्रे म्हणूनही वाचून पाहावीत. पत्र कसे असावे याविषयी मराठी मनात केवढी शिस्त मुरली होती, ते तिथे दिसते. हेमाद्रीच्या नावावर पत्रलेखनाचे मायने घालून देणारे ‘मेस्तक’ सांगितले जाते, ते खरोखर त्याचेच की नाही हा वाद विद्वानांसाठी सोडू. पण दफ्तरात कारकून म्हणून शिरणाऱ्या मुलाला मायने पाठ असावे लागत, यात वाद नाही.

मायन्याला आपण आता हसतो. सरदारासाठी ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’, प्रतिष्ठित स्त्रीसाठी ‘गंगाजळनिर्मळ’, शास्त्र्यासाठी ‘वेदमूर्ती’. त्यात दर्जाची उतरंड होती, जातीची होती, आणि ती गेली हे चांगलेच झाले. पण त्या अवजड शब्दांखाली एक साधी गोष्ट होती : आपण कोणाला लिहीत आहोत, याचा विचार लेखणी टेकण्यापूर्वी करावाच लागे. आज संगणक तो विचार करू देत नाही. पहिले अक्षर टंकताच तो पत्ता स्वतःच पुरा करून देतो, आणि साहेबांस जायचे पत्र साहेबांच्या तक्रारीसकट साहेबांनाच जाते.

मायन्यानंतर लगेच काय येई? ‘आपण पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला.’ हे वाक्य शेकडो पत्रांत सापडते आणि वाचणारा ते कंटाळून ओलांडतो. मला विचाराल तर संपूर्ण पत्रातील सर्वांत सभ्य वाक्य ते आहे. जासूद वाटेत मारला गेला नाही, थैली शत्रूच्या हाती पडली नाही, कागद भिजला नाही, हे लिहिणाऱ्यास त्या एका ओळीने कळे. आज पत्र निमिषार्धात पोहोचते. म्हणूनच की काय, पोहोचल्याचे कळविणे आपण सोडून दिले. ‘आपले पत्र मिळाले, हिशेब तपासून गुरुवारपर्यंत उत्तर देतो’ ही एक ओळ लिहावयास अर्धे मिनिट लागते. ती न लिहिल्याने समोरच्या माणसाचे चार दिवस घालमेलीत जातात आणि पाचव्या दिवशी त्याचे मत बनते. मत बनल्यावर मग सविस्तर उत्तर कितीही उत्तम लिहा.

पत्र आल्यावर त्यावर ते पावल्याची तारीख घालीत, बारनिशीत त्याची नोंद होई. मजकूर अनेक बाबींचा असेल तर कलमवार यादी करीत, आणि उत्तर देणारा एकेका कलमाखाली आपला जबाब लिहून यादी परत पाठवी. आपल्या ई-पत्रांत सहा प्रश्न एका परिच्छेदात कोंबलेले असतात आणि उत्तर येते ते शेवटच्याच प्रश्नाचे. दोष उत्तर देणाऱ्याचा आहे असे आपण म्हणतो. मला तसे वाटत नाही. सहा कलमे पाडून दिली असती तर पाच गाळण्याचा त्याला संकोच वाटला असता.

पत्राच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि मग मोर्तब. मोर्तबाचा शिक्का म्हणजे मजकुराची सीमा. त्याच्याखाली कोणी अक्षर वाढविले तर ते पत्राचे नव्हे. शिवछत्रपतींच्या पत्रांवर मर्यादेची म्हणून एक निराळी मुद्राच असे. आपल्या आजच्या पत्रांखाली मात्र सुविचार असतो, झाडे वाचवा म्हणून आवाहन असते, कंपनीच्या सात शाखांचे पत्ते असतात, आणि एवढ्या पसाऱ्यात लिहिणाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट. नाजूक मजकूर असला की आपले पूर्वज तो लिहीतच नसत. ‘वरकड मजकूर मशारनिल्हे मुखवचने सांगतील’ असे लिहून मोकळे होत. कागद कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ई-पत्राचा भरवसा त्याहून कमी, कारण ते एका बोटाने शंभर जणांकडे पुढे धाडता येते. शिवाय २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कागदाची मान्यता दिली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. रागाच्या भरात सहकाऱ्याविषयी जे लिहाल, ते उद्या न्यायालयात वाचून दाखविले जाऊ शकते. अशा वेळी उठावे, त्याच्या टेबलाशी जावे आणि मुखवचने बोलावे.

थोडक्या शब्दांत पत्र किती वाहून नेऊ शकते, याचे एक उदाहरण याच माळव्यातले आहे. जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे भेलशाच्या बाजूस असताना एका सावकारी पत्राने त्यांना पानिपतची वार्ता कळली, असे इतिहासकार सांगतात. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा यांची गणतीच नाही, अशा अर्थाचे ते पेढीच्या भाषेतले पत्र होते. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे वाचणाऱ्यास सांगावे लागले नाही. त्या अनामिक सावकाराने शोक व्यक्त केला नाही, कारणमीमांसा केली नाही. काय गेले आणि किती गेले, तेवढेच लिहिले.

हे सारे जुने झाले; ई-पत्राशी त्याचा काय संबंध, असे तरुण मंडळी विचारतील. संबंध असा की ई-पत्र हा काही आकाशातून पडलेला प्रकार नव्हे. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे जाळ्यातून संदेश पाठविला आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह योजले. ते चिन्ह मुळात व्यापाऱ्यांच्या वहीतले. इतके नग, अमुक दराने, हे दाखविणारे. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कागदाखाली निघणारी प्रत. आपल्या कचेरीतल्या पत्रावर ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’ आणि तळाशी ‘प्रत माहितीसाठी सादर’ असे असतेच. ई-पत्राच्या माथ्यावर याच रिकाम्या जागा आपली वाट पाहत असतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्याला तीन दशके होऊन गेली. महाराष्ट्रात दहावीचे कुमारभारतीचे नवे पुस्तक २०१८ साली आले, तेव्हापासून पत्रलेखनाचा आराखडाच ई-मेलच्या धर्तीवर शिकविला जातो. आपली मुले मध्य प्रदेशातली. ते पुस्तक त्यांच्या हाती पडत नाही. ही उणीव शाळेनेच भरून काढावी लागेल.

पुण्यात एका मोठ्या कचेरीच्या नेमणूक विभागात काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी आहे. त्याच्याकडे येणाऱ्या अर्जांपैकी कितीतरी अर्जांची विषयाची जागा कोरी असते, असे तो सांगतो. मजकुराच्या जागी ‘सोबत जोडले आहे’ एवढेच. कोणी, कशासाठी, काय, याचा पत्ता नाही. जोडलेल्या कागदाचे नाव ‘नवा अंतिम दोन’. आणि पाठविणाऱ्याचा पत्ता शाळकरी वयात गमतीने घेतलेल्या टोपणनावाचा. ‘सर, मुलगा कदाचित हुशारही असेल,’ तो म्हणाला, ‘पण त्याने माझे काम वाढविले.’ पत कशी जाते, हे याहून नेमके मला सांगता येणार नाही. विषयाच्या जागी ‘लेखापाल पदासाठी अर्ज’ आणि पुढे स्वतःचे नाव, एवढे लिहिले असते तर तो अर्ज सहा महिन्यांनीही सापडला असता.

इथे इंग्रजीबद्दल दोन शब्द. इंग्रजीतून लिहिताना आपण ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहितो आणि त्यावर इंग्रज हसतात म्हणून ओशाळतो. त्यांच्या हसण्याची मला फारशी पर्वा नाही. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो त्याच्या मराठी भावंडालाही लागू आहे : ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ योग्य ती म्हणजे कोणती? बहुतेक वेळा ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते. त्याने आपला विचार करण्याचा भार नम्रपणे समोरच्याच्या डोक्यावर ठेवलेला असतो. ‘सोबतच्या बिलावर सही करून ते बुधवारपर्यंत परत पाठवावे’ या वाक्यात नम्रता कमी नाही, आणि काम मात्र होते. तसेच ‘माननीय’, ‘आदरणीय’, ‘सन्माननीय’ यांची चढती भाजणी. एकदा ‘महोदय’ किंवा ‘महोदया’, नाहीतर सरळ नाव घेऊन ‘यांस, सप्रेम नमस्कार’. पुढे कामाला लागावे. स्वतःच्या नावामागे श्री. किंवा सौ. लावू नये, तो मान दुसऱ्याने द्यावयाचा असतो, आणि बिलाच्या चौकशीत बाईंच्या वैवाहिक स्थितीचे कामच काय?

आता खास आपल्या, म्हणजे इंदूरच्या मराठी माणसाच्या अडचणीकडे येतो. आपण घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलतो. तिन्ही येतात याचा अभिमान असावा. पण हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, शब्द पुष्कळसे एक, आणि अर्थ मात्र कधी कधी एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. इथल्या एखाद्या पेढीने पुण्याच्या ग्राहकाला ‘आपल्या अटींवर आमची आपत्ती आहे’ असे लिहिले, तर त्याने काय समजावे? हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे ते विद्यापीठात चालते. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. ‘आम्ही माल वेळेवर पोहोचविण्याची चेष्टा करू’ हे वाचून पुणेकर दचकणारच. ‘व्यस्त’ तिकडे कामात बुडालेला, इकडे तो गणितातल्या प्रमाणाला लागतो. ‘शिक्षा’ तिकडे विद्यालयात मिळते, इकडेही पूर्वी विद्यालयातच मिळत असे, पण छडीने. आणि ‘निवेदन’! हिंदीत ती विनंती, मराठीत नुसते सांगणे. ‘लवकर पैसे देण्याचे निवेदन’ मराठी वाचक शांतपणे वाचील आणि बाजूला ठेवील.

हसण्यासारखे आहे खरे. पण याच जागी आपली पत पणाला लागते. पुण्याचा माणूस ‘इंदूरचे मराठी असेच’ म्हणून सोडून देतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला इंग्रजीतून लिहितो. मग आपणही इंग्रजीतून उत्तर देतो. असे करीत दोन मराठी माणसांमधला व्यवहार मराठीतून निघून जातो आणि भाषा सणावारापुरती उरते. होळकर दरबारात जी भाषा महसूल, फौज आणि न्याय यांचा भार वाहत होती, तिच्यावर आज आपण फक्त गणेशोत्सवाचे निमंत्रण ठेवतो, याचे मला वाईट वाटते. तांत्रिक सबब आता उरलेली नाही. एके काळी होती, हे मान्य. निरनिराळ्या टंकांत लिहिलेले मराठी पत्र पलीकडे पोहोचेपर्यंत त्याची अगम्य चिन्हे होत. पण १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे, २०१४ साली मोडीदेखील त्यात आली, आणि आता कोणत्याही भ्रमणध्वनीवर शुद्ध मराठी लिहिता येते आणि तसेच ते पोहोचते. दर पत्र मराठीतच लिहा, असा माझा आग्रह नाही. ज्याला ज्या भाषेत चटकन कळेल त्याला त्या भाषेत लिहावे. फक्त एका पत्रात एक भाषा धरावी, आणि समोरचा मराठी आहे हे ठाऊक असताना निव्वळ भीतीपोटी ती टाळू नये.

शेवटचा मुद्दा तरुणांनी आधीच मनात आणला असेल. ‘सर, आता पत्र लिहावेच लागत नाही, यंत्राला दोन शब्द सांगितले की ते सबंध पत्र लिहून देते, मराठीतसुद्धा.’ मी ते पाहिले आहे. व्याकरण बरे असते, नम्रता गरजेपेक्षा जास्त असते, आणि वर सांगितलेले हिंदीचे शब्द त्यातही डोकावतात. पण यंत्राने लिहिले म्हणून मी नाक मुरडणार नाही. आपले सरदार तरी स्वतः कुठे लिहीत होते? चिटणीस लिही, कारकून लिही. मायना, कलमे, सारे त्याचे. मालक ऐकून घेई, दुरुस्त्या सांगे. आणि महत्त्वाचे पत्र असले की तयार मजकुराच्या खाली दोन ओळी स्वतःच्या हाताने घाली. त्याला ‘दस्तुरखुद्द’ म्हणत. दफ्तरखान्यात अशी पत्रे चाळताना कारकुनाच्या वळणदार मोडीखाली मालकाचे ते गिचमिड, घाईचे अक्षर एकदम डोळ्यांत भरते, आणि पत्र त्या दोन ओळींसाठीच लिहिले गेले होते हे ध्यानात येते. यंत्राला खुशाल चिटणीस करावे. मात्र मोर्तब करण्यापूर्वी मजकूर शब्दन् शब्द वाचावा, त्यातले नाव, रक्कम आणि तारीख स्वतः पडताळावी, आणि खाली दोन ओळी दस्तुरखुद्द घालाव्यात.

 काही शंका असल्यास कलमवार लिहून पाठवाव्यात. पत्र पावल्याचे त्याच दिवशी कळवीन, उत्तरास मात्र वयोमानाप्रमाणे दोन दिवस लागतील.